बॅटरी उतरलेली होती म्हणून वाचली: नेरुळमधल्या एका मारुती 800 चं प्रकरण

गाडी 2004 सालची मारुती 800, पांढरी, पेट्रोल, नंबर एमएच 43 चा. पहिल्या दिवसापासून एकाच मालकाच्या नावावर. मालक 72 वर्षांचे, नोकरीतून निवृत्त, नेरुळला सिडकोच्या जुन्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. या इमारती बांधल्या तेव्हा घरटी एक गाडी येईल हे कुणी गृहीत धरलं नव्हतं. आवारात जेमतेम आठ-दहा गाड्या मावतात, बाकीच्या रस्त्याच्या कडेला. काकांची गाडी गेली कित्येक वर्षं बाहेरच्या रस्त्यावर, झाडाखाली उभी असते.

मी याच भागात ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो आणि या गाडीची वायरिंग अनेक वर्षं माझ्याच हातात आहे. जुन्या गाडीच्या सुरक्षेचा विचार कसा करावा हे या एका गाडीवरून नीट सांगता येतं, म्हणून काकांच्या परवानगीने हे लिहितो आहे.

काय घडलं

काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पाऊस चालू होता, त्यामुळे काही आठवडे गाडी हललीच नव्हती. एका सकाळी दूध आणायला उतरलेल्या काकांना ड्रायव्हरच्या बाजूचं दार नीट लागलेलं दिसलं नाही. आत पाहिलं तर स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर उतरवून सीटवर ठेवलेलं, इग्निशनच्या वायरी बाहेर ओढलेल्या, त्यातल्या दोघींचं आवरण सोललेलं. स्टिअरिंगचं लॉक तुटलेलं होतं, चाक मोकळं फिरत होतं. म्युझिक सिस्टिम जागच्या जागी. ट्रेमधली सुटी नाणीसुद्धा कुणी उचलली नव्हती.

म्हणजे आलेल्या माणसाला गाडीच हवी होती, आणि तो जवळजवळ सगळं करून मोकळा झाला होता. दार उघडलं, स्टिअरिंग सोडवलं, वायरी जोडल्या. गाडी सुरू झाली नाही, कारण बॅटरी उतरलेली होती. मी पोहोचल्यावर मीटर लावला तेव्हा ती 9 व्होल्टच्याही खाली होती. एवढ्यावर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, नुसता टक् करून थांबतो. रस्ता सपाट, एकट्याने धक्का मारून गाडी उठवणं कठीण. तो निघून गेला.

काका म्हणाले, "अरे, या भंगाराला कोण हात लावणार, असंच वाटत होतं मला." जुन्या गाडीचे बहुतेक मालक हेच म्हणतात, आणि हा समज मोडून काढावा असं मला मनापासून वाटतं. ज्या गाडीच्या चावीत चिप असते, तिच्या इग्निशनच्या वायरी जोडूनही इंजिन चालू राहत नाही. चावीतला संकेत जुळला नाही की इंजिनचा कंट्रोल युनिट इंधन किंवा ठिणगी रोखून धरतो. 2004 च्या या 800 मध्ये ती सोय नाही. चावी म्हणजे फक्त कापलेलं लोखंड. शिवाय वीस वर्षं वापरून कुलपाचा बॅरल इतका झिजलेला असतो की दुसऱ्याच गाडीची घासलेली चावी त्यात फिरू शकते. आणि मागणी म्हणाल तर ती आहेच. मारुतीने 2010 मध्ये मुंबईसह 13 शहरांत 800 ची विक्री थांबवली आणि 2014 च्या जानेवारीत उत्पादन बंद केलं, पण रस्त्यावर या गाड्या आजही आहेत आणि त्यांना दारं, गिअरबॉक्स, इंजिनचे भाग लागतात. गाडी अख्खी विकली जावी लागत नाही, सुटी सुटीही खपते. मारुतीच्या इको व्हॅनचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तिथे तर चोराला सायलेन्सरसोबतच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंशीच मतलब असतो, गाडीच्या वयाशी नाही.

काकांनी पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी की नाही यावर घरात चर्चा झाली, कारण "गेलं तर काहीच नाही". मी आग्रह धरला. चोरीचा प्रयत्न हाही गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत चोरीची शिक्षा कलम 303(2) मध्ये आहे आणि प्रयत्नासाठी कलम 62 लागतं. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ज्याने एकदा अर्धं काम केलं, तो परत येऊ शकतो. तोवर त्या गल्लीची नोंद पोलिसांकडे असणं बरं. पंचनामा झाला, फोटो काढले गेले, मगच मी वायरींना हात लावला.

नशिबाचं काम बटणाला

दुरुस्ती करताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. या गाडीला कुलपाने वाचवलं नाही, आवाजाने वाचवलं नाही, शेजाऱ्यांनीही नाही. गाडी गप्प बसली आणि का बसली ते चोराला कळलं नाही, म्हणून ती वाचली. त्याच्याकडे थोडी मिनिटं होती, ती तपासण्यात गेली आणि मग त्याने नाद सोडला. हाच प्रसंग दर रात्री मुद्दाम घडवून आणायचा होता, फक्त बॅटरी भरलेली ठेवून.

यासाठीचा उपाय जुना आणि स्वस्त आहे: लपवलेलं बटण, जे बंद केलं की गाडी सुरू राहत नाही. काही गॅरेजवाले बॅटरीच्या टर्मिनलवर हिरव्या गोल मुठीचा कट-ऑफ, म्हणजे बॅटरीच तोडणारा स्विच, बसवून देतात. तो वाईट नाही, पण बॉनेट उघडलं की पहिला तोच दिसतो, आणि 72 वर्षांच्या माणसाने रोज रात्री पावसात बॉनेट उचलावं ही अपेक्षा चुकीची आहे. दुसरा पर्याय सेल्फची वायर तोडण्याचा. त्यात चावी फिरवली की पूर्ण शांतता. जाणत्या चोराला ती शांतता लगेच सांगते की कुठेतरी बटण आहे, आणि तो शोधायला लागतो. शिवाय दोघे असतील तर धक्का स्टार्ट करून गाडी नेता येते, कारण सेल्फ सोडून बाकी सगळं चालूच असतं.

मी गाडीतल्या इंधनाच्या पंपाचा सप्लाय तोडायचं ठरवलं. 800 चं कार्ब्युरेटरचं मॉडेल असतं तर हा मार्ग नव्हता, तिथे पंप इंजिनवर यांत्रिक पद्धतीने चालतो आणि इग्निशन कॉइलचा सप्लाय तोडावा लागतो. ही गाडी एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने इंधन देणारी, हिचा पंप विजेवर चालतो आणि टाकीत असतो. पंपाचा सप्लाय बंद असला तरी सेल्फ नीट फिरतो. लाइनमध्ये उरलेल्या प्रेशरवर इंजिन कधी दोन-चार सेकंद लागतंही, मग मरतं. पुन्हा सेल्फ मारा, नुसतं फिरतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, जुनी गाडी आहे, पेट्रोल संपलं असेल किंवा पंप गेला असेल. धक्का मारूनही उपयोग नाही.

कामाचा तपशील थोडा सांगतो, कारण इथेच लोक फसतात. पंपाची मुख्य वायर कापून ती बटणातून फिरवायची नाही. त्यातून सतत काही अँपिअर करंट जातो. छोटं बटण तापतं, आतले पॉइंट जळतात आणि एक दिवस सायन-पनवेल हायवेवर उरण फाट्याच्या चढावर गाडी बंद पडते. त्याऐवजी पंपाच्या रिलेची (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) जी कॉइल असते तिची बारीक वायर बटणातून न्यायची. तिथे करंट अगदी थोडा, बटण वर्षानुवर्षं टिकतं. वायर मूळ जाडीचीच घ्यायची, जोड नुसता पिळून टेप गुंडाळायचा नाही, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवायची, आणि पत्र्याच्या कडेवरून जाताना रबरी ग्रोमेट घालायचं. कच्चा जोड हा चोरापेक्षा मोठा धोका आहे. जुन्या गाड्यांना लागणाऱ्या आगींत असे हौशी जोड मी पाहिलेले आहेत. नवी वायर मूळ वायरींच्या रंगाची घेतली आणि त्यांच्याच आवरणात गुंडाळली, म्हणजे टॉर्च मारून पाहणाऱ्याला ती वेगळी दिसत नाही.

बटण कुठे बसवलं ते अर्थातच लिहीत नाही. एवढं सांगतो की काकांना न वाकता, सीटवर बसल्या बसल्या हात पोहोचेल अशी जागा निवडायला वायरिंगपेक्षा जास्त वेळ गेला. आम्ही दोघं गाडीत बसून, काकांना डोळे मिटायला लावून, त्यांचा हात सहज कुठे जातो ते पाहत होतो. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांत संधिवात आहे, म्हणून दाबायचं बटण टाळलं आणि पालथ्या हाताने ढकलता येईल असं घेतलं. बटण बंद करूनच गाडीतून उतरायचं, हे काकू शेजारच्या सीटवरून रोज आठवण करून देतात. गाडी चालू असताना ते हलू नये म्हणून कठीण स्प्रिंगचं घेतलं आहे.

दांडा आणि गिअर लॉक

काकांच्या मुलाने पुण्याहून स्टिअरिंगला लावायचा लोखंडी दांडा पाठवला होता. चीज चांगली, बाहेरून दिसते, चोर लांबूनच दुसरी गाडी शोधतो. पण तो लावायला-काढायला दोन्ही हातांनी जोर लागतो. काकांनी आठवडाभर लावला, मग तो डिकीत गेला. रोज लावला जात नाही ते कुलूप नाहीच. त्याऐवजी गिअर लॉक बसवलं. गाडी रिव्हर्समध्ये टाकायची आणि किल्ली फिरवायची, एका हाताचं काम. त्याचा पाया बोल्टने पत्र्याला बांधलेला असतो आणि बोल्टची डोकी बसवताना तुटतात, त्यामुळे साध्या पान्याने ते निघत नाही.

तुटलेल्या स्टिअरिंग लॉकच्या जागी नवा इग्निशन लॉक घातला. दारांचे आणि डिकीचे बॅरलही त्याच सेटमधून बदलले. झिजलेले बॅरल तसेच ठेवून वर हजारोंचा अलार्म लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

ट्रॅकरचं गणित

मुलाचा दुसरा आग्रह जीपीएस ट्रॅकरचा होता, आणि तो बरोबर होता. पण कमी चालणाऱ्या जुन्या गाडीत ट्रॅकर लावताना हिशेब करावा लागतो. 800 ची बॅटरी साधारण 35 अँपिअर-अवरची. ट्रॅकर 30 मिलीअँपिअर घेत असेल तर दिवसाला पाऊण अँपिअर-अवरच्या आसपास, आठवड्याला पाच, महिन्याला वीसच्या पुढे. महिनाभर न हललेली गाडी सुरू होणं मुश्किल, आणि सारखी रिकामी होणारी बॅटरी लवकर मरते. बॅटरीचा कट-ऑफ लावला तर ट्रॅकरही झोपतो, पोटातल्या छोट्या बॅटरीवर थोडा वेळ जगेल तेवढाच. एकाच गाडीत दोन्ही नांदत नाहीत, हे आणखी एक कारण होतं पंपाचा मार्ग धरण्याचं.

म्हणून कमी करंट घेणारा, गाडी उभी असताना झोपणारा आणि हलली की जागा होणारा ट्रॅकर घेतला. काकांनी आठवड्यातून एकदा तरी सीवूड्सपर्यंत किंवा पाम बीच रोडने वाशीपर्यंत चक्कर मारायची असं ठरलं. ट्रॅकर लोखंडाच्या मागे दडवला तर त्याला आकाश दिसत नाही, प्लास्टिकच्या मागे चालतो. त्यातल्या सिमकार्डाचा रिचार्ज संपला की सगळा खर्च पाण्यात, म्हणून पीयूसीच्या तारखेशेजारीच ती तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे. मोबाइलवरून इंजिन बंद करण्याची सोय मात्र मी जोडली नाही. चालती गाडी भर रस्त्यात बंद केली तर मागून येणाऱ्या निरपराध माणसाचं काय? गाडी कुठे आहे ते पोलिसांना सांगायचं, थांबवायचं काम त्यांचं.

फास्टॅगच्या मेसेजवरूनही चोरीची गाडी कुठे गेली ते कळतं असं बरेच जण धरून चालतात. आपल्या भागात ते अर्धंच खरं आहे. 14 ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल माफ आहे. त्यात वाशी आणि ऐरोलीही आली. नेरुळहून गाडी वाशी किंवा ऐरोलीमार्गे मुंबईत गेली तर टोलचा मेसेज येणारच नाही. अटल सेतूवर किंवा एक्स्प्रेसवेला खालापूरला टोल कापला गेला तर येईल, तोही चोराने स्टिकर खरवडून काढला नसेल तर. म्हणून ट्रॅकर.

उभी करण्याची जागा

पैसे न लागणारा पण सर्वांत जास्त वाद झालेला भाग हा. काका गाडीला कापडी कव्हर घालत. धूळ आणि पक्ष्यांची घाण लागू नये हे ठीक, पण आठवडे न हललेलं, पाला साचलेलं कव्हर सगळ्या गल्लीला सांगत असतं की या गाडीकडे कुणी येत नाही, आणि त्याच्या आड दाराशी काय चाललंय ते दिसतही नाही. कव्हर काढलं. झाडाखालची जागाही सोडली, कारण फांद्यांमुळे रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड तिथे पोहोचतच नव्हता. आता गाडी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर, दिव्याखाली असते, तोंड भिंतीकडे आणि पुढची चाकं फुटपाथकडे वळवलेली. अशी उभी असली की स्टिअरिंग लॉक तोडल्याशिवाय ढकलून किंवा ओढून नेणंही सोपं राहत नाही. दुकानदाराचा कॅमेरा त्या जागेवर येतो. सोसायटीचा कॅमेरा फक्त गेट दाखवतो. किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं ते दोन्हीकडे विचारून ठेवलं, कारण जुन्यावर नवं चढत जातं आणि उशिरा मागितलं तर काही हाती लागत नाही.

वॉचमनला एकच गोष्ट सांगितली: हे काका रात्री दहानंतर आणि सकाळी सहाच्या आत गाडी काढत नाहीत, तेव्हा ती हलताना दिसली तर विचार न करता फोन करायचा. "गाडीवर लक्ष ठेव" असं मोघम सांगण्यापेक्षा हे त्याला सोपं जातं.

कागद

मूळ आरसी बुक ग्लोव्ह बॉक्समध्ये होतं, सोबत घराच्या किल्लीची जोडी. दोन्ही लगेच बाहेर काढली. आरसी मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवलेली चालते, मग मूळ प्रत गाडीत ठेवून चोराला विक्रीची सोय का करून द्यायची? चॅसी नंबर आणि इंजिन नंबरचे फोटो काढून ठेवले. चॅसी नंबर सगळ्या काचांवर कोपऱ्यात कोरून घेतला, फार खर्च येत नाही. पाटी बदलली तरी काचा बदलाव्या लागतात, म्हणजे चोराचा नफा कमी होतो. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबर प्लेट काकांनी बसवून घेतली आहे. तिची लॉक एकदा तोडली की पुन्हा बसत नाहीत, आणि पाटीवर लेझरने कोरलेला क्रमांक असतो.

विम्याबद्दल मात्र काकांचं आणि माझं मत जुळलं नाही. त्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी. जून 2022 पासूनच्या दराने 1000 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला 2,094 रुपये अधिक जीएसटी. यात चोरीचा एक रुपयाही मिळत नाही, हे काकांना त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी भरून देणारा विमा, घ्यायचा तर पाच वर्षांपुढच्या गाडीची विमा रक्कम कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, आणि एवढ्या जुन्या गाडीला ती फारच कमी लागते. ती रक्कम ऐकून काकांनी विषय मिटवला. मी म्हटलं, तेवढ्यातही हॉस्पिटलच्या फेऱ्यांचं रिक्षाभाडं काही महिने तरी निघेल. पण गाडी त्यांची, निर्णय त्यांचा.

तरीही वेळ आलीच तर काय करायचं ते एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलं आहे. आधी 112, गाडीचा नंबर, रंग आणि मागच्या बंपरवरची उजवीकडची चीर सांगायची. मग पोलीस ठाणं. आपल्या हद्दीत नाही म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे माहिती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. त्यानंतर आरटीओला लेखी कळवायचं, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर होणं अडतं. ज्यांचा चोरीचा विमा आहे त्यांनी त्याच दिवशी कंपनीला कळवावं आणि दोन्ही चाव्या जपाव्यात, कंपनी त्या मागते. पोलिसांनी लगेच गुन्हा नोंदवलेला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा फेटाळता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलं आहे, पण न्यायालयापर्यंत जायची वेळ कशाला आणायची. गाडी सापडलीच नाही तर पोलीस 'अ समरी' अहवाल न्यायालयात देतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. दाव्याला तो कागद लागतो आणि तो यायला महिने जातात.

पुढे

सगळं मिळून काकांचा खर्च दहा हजारांच्या आत बसला, त्यात सर्वांत मोठा वाटा लॉक सेट आणि ट्रॅकरचा. बटणाचं सामान काहीशे रुपयांचं. गेला पावसाळा गाडीने त्याच रस्त्यावर काढला. एकदा ट्रॅकरने रात्री हलल्याचा मेसेज दिला. वॉचमनने जाऊन पाहिलं तर शेजारच्या टेम्पोने मागे घेताना धक्का दिला होता.

त्याच इमारतीतल्या एका ताईंनी आता त्यांच्या जुन्या मारुती झेनसाठी विचारलं आहे. तिला जुन्या पद्धतीचं सीएनजी किट आहे आणि गाडी थेट सीएनजीवरही सुरू होते, त्यामुळे पेट्रोलचा पंप तोडून काही साधणार नाही. तिथे बटण इग्निशनच्या सप्लायवर घ्यावं लागेल आणि सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह रात्री बंद करता येतो का तेही पाहायचं आहे. किटची कागदपत्रं आणि सिलिंडरच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) तारीख आधी दाखवा, मगच वायरीला हात लावतो, असं त्यांना कळवलं आहे.